ईजे२० टर्बोवर स्टँडअलोन ईसीयू: ४००० च्या पुढे आरपीएम उड्या मारतो

प्रश्न:
मंडळी, माझी जुनी सुबारू इम्प्रेझा, ईजे२० हे तिचं टर्बो इंजिन. त्यावर स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्याऐवजी लावलेला, आपण सेट करायचा इंजिनचा संगणक) बसवलाय, हार्नेस म्हणजे वायरिंगचं जुडगं घरीच विणलाय. आयडल एकदम मखमली. पण बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) चढला की ट्रिगर एरर (क्रँकचा सिग्नल ईसीयूला चुकीचा वाचला जाणं) धडाधड वाढतात आणि गाडी ठसकते. मॅपमध्ये (ईसीयूतल्या पेट्रोल-ठिणगीच्या तक्त्यात) पेट्रोल वाढवू का?

उत्तर १:
मॅपला हात लावू नका हो! आधी क्रँक सेन्सर (क्रँकच्या दातेरी चाकाचे दात मोजणारा) बघा. तो दोन वायरींचा, चुंबकीय. वायरी उलट लागल्या तरी इंजिन सुरू होतं, वेग वाढला की टायमिंग (ठिणगीची वेळ) सरकतं. स्कोपवर (सिग्नलची रेघ दाखवणारं यंत्र) दात जाताना रेघ शून्याला कुठे उभी कापते ते बघा. ईसीयूला तीच धार द्यायची, तिरपी नाही.

उत्तर २:
सेन्सरच्या वायरीची शील्ड (वरचं जाळीचं आवरण) फक्त ईसीयूच्या टोकाला जोडा, सेन्सरकडे मोकळी सोडा. सेन्सरचं ग्राउंड बॉडीवर ठोकू नका, ईसीयूवर त्याची वेगळी पिन असते. कॉइलच्या (ठिणगी देणाऱ्या) वायरी त्याच जुडग्यात बांधल्यात का?

प्रश्नकर्ता:
हो, एकाच स्लीव्हमध्ये. आज सोडवतो. टायमिंग लाइट (ठिणगीसोबत लुकलुकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) कशावर लावू? कॉइल थेट प्लगवर बसतात.

उत्तर १:
पहिल्या सिलिंडरची कॉइल उचला, प्लगपर्यंत जुनी हाय टेन्शन वायर टाका, क्लँप तिच्यावर. ईसीयूत टायमिंग १० अंशांवर लॉक करा. पुलीवरही १० च दिसले पाहिजेत. ३००० ला खूण हलली तर बूस्ट विसरा.