जुनं पार्टिशन काढल्यावर फक्त 'ग्रब>' दिसतंय: मिंट परत चालू करायला कोणता मार्ग घ्यावा?

प्रश्न

लॅपटॉपवर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट २२ असं ड्युअल बूट आहे. त्याच डिस्कवर पूर्वीचं उबुंटूही होतं. ते वापरात नव्हतं, म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचं ४० जीबीचं पार्टिशन आणि शेजारचं ८ जीबीचं स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) काढून टाकलं. मिंटच्या पार्टिशनला हात लावलेला नाही. रीस्टार्ट केल्यावर ग्रबचा (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या बूट प्रोग्रामचा) मेनू येत नाही. काळ्या पडद्यावर 'मिनिमल बॅश-लाइक लाइन एडिटिंग'ची ओळ आणि खाली 'ग्रब>' एवढंच. फर्मवेअरच्या (लॅपटॉप सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) बूट मेनूतून विंडोज व्यवस्थित उघडतं. यूईएफआय मोड (नव्या पद्धतीचं फर्मवेअर), एनव्हीएमई एसएसडी, सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले बूट प्रोग्राम चालू देणारी सोय) चालू, विंडोजवर बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन). मिंट पुन्हा इन्स्टॉल करावं, बूट-रिपेअर (बूट आपोआप दुरुस्त करणारं साधन) चालवावं, की हाताने दुरुस्ती करावी? मिंटमधला डेटा हवाच आहे.

प्रतिसाद १

पुन्हा इन्स्टॉल करू नका. तुमचं मिंट जागेवर आहे, फक्त त्याच्याकडे जाणारा पत्ता चुकलाय.

उबुंटू आणि मिंट दोघंही ईएफआय पार्टिशनवर (बूटच्या फाइली असलेल्या छोट्या पार्टिशनवर) एकाच नावाचं फोल्डर वापरतात: 'ईएफआय/उबुंटू'. त्यात ग्रब डॉट सीएफजी नावाची तीन ओळींची छोटी फाइल असते. खरा मेनू ज्या पार्टिशनवर आहे त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) तिच्यात लिहिलेला असतो. शेवटचं ग्रब ज्या सिस्टिमने बसवलं, तिचा यूयूआयडी तिथे राहतो. मिंट नंतर टाकलं असलं तरी उबुंटूच्या एखाद्या ग्रब अपडेटने ती फाइल पुन्हा स्वतःच्या नावावर केली असू शकते. तुम्ही काढलेलं पार्टिशन नेमकं तेच असणार. ग्रब सुरू होतं, त्या यूयूआयडीचा शोध घेतं, काही सापडत नाही, म्हणून प्रॉम्प्टवर थांबतं.

'ग्रब रेस्क्यू>' असं दिसलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथे ग्रबला स्वतःचे मॉड्यूलच सापडलेले नसतात. तुमच्याकडे पूर्ण ग्रब चालू आहे, म्हणून बाहेरचा पेनड्राइव्ह न लावताही आत जाता येईल.

(आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय; टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं घ्या.)

आधी 'एलएस' द्या. (एचडी०,जीपीटी१), (एचडी०,जीपीटी२) अशी यादी येईल. ग्रब डिस्क शून्यापासून मोजतं आणि पार्टिशन एकपासून. एनव्हीएमई असली तरी नाव एचडीच असतं. पेनड्राइव्ह लावलेला असेल तर काढा, नाहीतर एचडी० तोच होऊन बसू शकतो. मग एकेका पार्टिशनवर 'एलएस (एचडी०,जीपीटी६)/' असं करून पाहा. शेवटची तिरकी रेघ महत्त्वाची आहे. तिच्याशिवाय फक्त पार्टिशनची माहिती येते, आतलं काही दिसत नाही. जिथे बूट, ईटीसी, होम, यूएसआर ही फोल्डरं दिसतील ते मिंट. बिटलॉकरच्या पार्टिशनवर 'अननोन फाइलसिस्टिम' येईल, ते बरोबरच आहे.

क्रमांक ६ निघाला असं धरून:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी६)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी६)/बूट/ग्रब
कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी६)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

तुमचा ओळखीचा मेनू दिसायला हवा. मिंट बीटीआरएफएसवर असेल तर वाट '/@/बूट/ग्रब' अशी होते. बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर मधला 'बूट' गाळून फक्त '/ग्रब'. टॅब दाबलं की नावं पूर्ण होतात, त्यामुळे अंदाजाने टाइप करत बसू नका.

प्रतिसाद २

वरचं निदान पटतंय. मेनू आलाच नाही तर कर्नल (लिनक्सचा गाभा) थेट उठवता येतं. रूट सेट केल्यावर 'लिनक्स /बूट/व्हीएमलिनझ रूट=/डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी६ आरओ', मग 'इनिटआरडी /बूट/इनिटआरडी.आयएमजी', मग 'बूट'. क्रम हाच ठेवा. 'रूट=' विसरलात तर कर्नल चढेल, पण फाइलसिस्टिम सापडणार नाही.

मिंट उघडलं की काम अर्धंच झालंय, कारण ती चुकीची फाइल अजून तशीच आहे. पहिल्यांदा 'फाइंडएमएनटी /बूट/ईएफआय' चालवून ईएफआय पार्टिशन माउंट (सिस्टिमला जोडलेलं) आहे ना ते पाहा. प्रकार व्हीफॅट दिसायला हवा. काहीच आलं नाही तर 'सुडो माउंट /बूट/ईएफआय'. हे न करता पुढे गेलात तर ग्रब-इन्स्टॉल 'कॅनॉट फाइंड ईएफआय डिरेक्टरी' म्हणून थांबेल. मग 'सुडो ग्रब-इन्स्टॉल' आणि त्यानंतर 'सुडो अपडेट-ग्रब'. यूईएफआयमध्ये पुढे डिस्कचं नाव द्यायची गरज नाही. ती सवय एमबीआरच्या (जुन्या बूट पद्धतीच्या) काळातली.

रीस्टार्ट करण्याआधी 'सुडो कॅट /बूट/ईएफआय/ईएफआय/उबुंटू/ग्रब.सीएफजी' करून आतला यूयूआयडी वाचा आणि 'एलएसबीएलके -एफ'मध्ये मिंटच्या पार्टिशनसमोर जो आहे त्याच्याशी अक्षर न अक्षर ताडून बघा. जुळला तर निर्धास्त रीस्टार्ट करा.

बूट-रिपेअरबद्दल: त्याचा अहवाल काढणारा भाग उत्तम आहे, कुठल्या पार्टिशनवर काय आहे ते एका जागी दिसतं. 'रेकमेंडेड रिपेअर' बटण मात्र इथे नको. एका फाइलमधला एक यूयूआयडी बदलायचा असताना ते याहून कितीतरी जास्त गोष्टींना हात घालतं, आणि काय बदललं ते नंतर शोधावं लागतं.

प्रतिसाद ३

बिटलॉकर आहे हे वाचून थांबलो. काहीही करण्याआधी विंडोज उघडा आणि ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपवर नको. सिक्युअर बूट बंद केलं किंवा बूटची साखळी बदलली की टीपीएमला (बिटलॉकरची की सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपला) फरक कळतो आणि की मागितली जाते. ग्रबच्या मेनूतून विंडोज उघडल्यावरही मागू शकतं. तसं झालं तर विंडोजसाठी फर्मवेअरचा बूट मेनूच वापरा. या दुरुस्तीसाठी सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, शिम (सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) आणि मिंटचं कर्नल दोन्ही स्वाक्षरी केलेली असतात.

ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करू नका. विंडोजचं बूट मॅनेजरही त्याच पार्टिशनवर आहे.

प्रॉम्प्टवरून जमलं नाही तरच लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच मिंट चालवणारा) घ्या. तो यूईएफआय मोडमध्येच उठला आहे याची खात्री करा: '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' हे फोल्डर असेल तर ठीक, नसेल तर परत रीस्टार्ट करून यूईएफआय लिहिलेली नोंद निवडा. मिंटचं पार्टिशन '/एमएनटी'वर, ईएफआय पार्टिशन '/एमएनटी/बूट/ईएफआय'वर माउंट करा. डेव्ह, प्रॉक आणि रन ही चालू सिस्टिमची फोल्डरं '/एमएनटी'च्या आत '--बाइंड'ने जोडा, सिस मात्र '--आरबाइंड'ने. साध्या बाइंडमध्ये ईएफआय व्हेरिएबल्स आत येत नाहीत आणि ग्रब-इन्स्टॉल 'ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड' अशी तक्रार करतं. फाइली बसतात, पण फर्मवेअरमध्ये नोंद होत नाही. मग 'क्रूट /एमएनटी' (म्हणजे पुढच्या आज्ञा डिस्कवरच्या मिंटमध्ये चालतात) आणि वरच्याच दोन आज्ञा, ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर सगळ्यात आधी 'क्रिप्टसेटअप ओपन'. तिथे '/ईटीसी/क्रिप्टटॅब'मध्ये असलेलंच नाव द्या.

लाइव्हमध्ये एनव्हीएमई दिसतच नसेल तर फर्मवेअरमध्ये इंटेल व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या पद्धती) चालू आहे का ते पाहा, पण घाईने बदलू नका. विंडोजला आधी सेफ मोडसाठी तयार न करता ती सेटिंग बदलली तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबतं.

प्रश्नकर्ता

मिंट जीपीटी७ वर निघालं. कॉन्फिगफाइलने मेनू आला, ग्रब-इन्स्टॉल केलं, यूयूआयडी जुळला, रीस्टार्टला मेनू सरळ येतोय. दोन गोष्टी राहिल्यात. मिंट उघडायला दीड मिनिट जास्त लागतंय, 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' दिसतं. आणि मेनूत विंडोज नाही.

प्रतिसाद २

दीड मिनिट म्हणजे काढलेलं स्वॅप. '/ईटीसी/एफएसटॅब'मध्ये (बूटवेळी कोणती पार्टिशनं जोडायची त्या यादीत) त्याची ओळ अजून आहे आणि सिस्टिमडी (मिंट सुरू करणारा प्रोग्राम) ते पार्टिशन येईल म्हणून ९० सेकंद वाट बघतं. त्या ओळीच्या सुरुवातीला # टाका. मग '/ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रेझ्यूम' ही (हायबरनेटमधून परत येताना कुठलं स्वॅप वाचायचं ते सांगणारी) फाइल असेल तर उघडा; तिथे तोच जुना यूयूआयडी असेल तर ती ओळ 'रेझ्यूम=नन' करा आणि 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू' चालवा. ही दुसरी फाइल बऱ्याचदा विसरली जाते, मग एफएसटॅब दुरुस्त करूनही सुरुवातीलाच रेंगाळणं चालू राहतं. स्वॅप हवंच असेल तर रूटवर स्वॅपफाइल करा, वेगळ्या पार्टिशनची गरज नाही.

विंडोजसाठी '/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब' उघडून 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ घाला (ही मोठ्या अक्षरांत, फक्त फॉल्स लहान) आणि परत अपडेट-ग्रब. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिमचा शोध मुळातच बंद ठेवलेला असतो. ओएस-प्रोबर पॅकेज आहे का तेही पाहा.

प्रतिसाद ३

मोकळी झालेली जागा मिंटच्या डावीकडे असेल तर ती जोडायला जीपार्टेड (पार्टिशन बदलायचं साधन) पूर्ण पार्टिशन सरकवतं. वेळ खूप लागतो आणि मध्येच वीज गेली तर डेटा जातो. तिथे एक्स्ट४चं वेगळं डेटा पार्टिशन करून '/डेटा'वर माउंट करणं बरं. एफएसटॅबमध्ये त्याला 'नोफेल' द्या, म्हणजे पुढे ते काढलंत तरी बूट अडणार नाही.

प्रश्नकर्ता

रेझ्यूमच्या फाइलमध्ये जुनाच यूयूआयडी होता. दोन्ही केलं, आता वेळ पूर्वीसारखा. विंडोज मेनूत आलं. त्यातून उघडल्यावर रिकव्हरी की मागितली, म्हणून फर्मवेअर मेनूच वापरतोय. जागा मिंटच्या डावीकडेच आहे, तिथे डेटा पार्टिशन करतो.