मदत हवी आहे : ऑस्टिनच्या मिनी-डीव्ही कॅसेट्स संगणकावर कशा घ्यायच्या?

नमस्कार मंडळी. 2005 साली मी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात एम.एस. करत होतो. कॉलेज फुटबॉल (आपला नाही, अमेरिकन) तिथे अक्षरशः धर्म आहे आणि मला लाभला तो लाँगहॉर्न्सचा (आमच्या विद्यापीठाचा संघ) सोन्याचा हंगाम. 13 सामने, 13 विजय. ओक्लाहोमा विद्यापीठाकडून सलग पाच वर्षं मार खाल्ल्यावर डॅलसमध्ये त्यांना 45-12 असं धुतलं, तेव्हा अर्धं स्टेडियम भगवं (बरं, भाजकं नारिंगी म्हणा!) आणि अर्धं लालबुंद, मुकं.

मग 4 जानेवारी 2006, रोझ बोल, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. समोर सलग 34 सामने जिंकलेलं यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ). सात मिनिटांहून कमी उरली असताना आपण 38-26 असे मागे. शेवटची 19 सेकंदं उरली असताना आमचा क्वार्टरबॅक (संघाचा आक्रमण चालवणारा खेळाडू) व्हिन्स यंग उजवीकडून पळत गेला आणि 41-38! त्याच्याएवढा खेळाडू मी पुन्हा पाहिला नाही, वाद घालायचा असेल तर या.

त्या वर्षीचा जल्लोष, नारिंगी उजळलेला विद्यापीठाचा टॉवर, सगळं मिनी-डीव्ही कॅसेट्सवर (कॅमकॉर्डरच्या छोट्या डिजिटल टेप) आहे. कॅमेरा बंद पडलाय, लॅपटॉपला फायरवायर पोर्ट (असा कॅमेरा जोडायची जागा) नाही. एका दुकानाने एका कॅसेटची टेप चक्क यंत्रात गुंतवून परत दिली.

पुण्यात कोणाकडे चालू कॅमेरा भाड्याने मिळेल का? बुरशी धरलेली टेप आधी साफ करून घ्यावी लागते का? आणि साधारण खर्च किती येतो?