१९७५ साली वडिलांवर नजर ठेवणाऱ्यानं काय लिहिलं, ते वाचायला मिळतं का?

मेडिकलवाला_अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबड लावून विचारतो, कारण थोडक्यात विचारला की लोक "आरटीआय टाका" म्हणून मोकळे होतात. टाकून झालाय.

आमचे अण्णा शाळेत मास्तर. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात होते. वसमतला गोळीबारात दोन विद्यार्थी गेले, त्यानंतर गावोगाव निषेधाच्या सभा झाल्या, त्यातल्या दोन-तीन सभांत अण्णा बोलले. तेव्हापासून आमच्या घरासमोरच्या हाटेलात एक माणूस येऊन बसायला लागला. पांढरा पायजमा, निळसर बुशशर्ट, सायकल. गाव त्याला सीआयडी म्हणायचं. खरा कोण होता देव जाणे, तेव्हा साध्या वेशातला कुणीही सीआयडीच. मी सात वर्षांचा. त्याची सायकल टेकवायची जागा ठरलेली, आमचा निंब. आई सकाळी सडा टाकायला निघाली की तो हाटेलातून उठून यायचा, सायकल उचलून बाजूला धरायचा, सडा झाला की परत टेकवायचा. एक शब्द बोलायचा नाही. आईही नाही.

मग आणीबाणी लागली. जुलैत एका पहाटे अण्णांना नेलं. मिसा, म्हणजे खटल्याशिवाय डांबायचा कायदा. नाशिकरोडला दीड वर्ष. गंमत अशी की अण्णा आत गेल्यावरही तो माणूस पुढं आठ-दहा दिवस येऊन बसत होता. बस म्हणणाऱ्याला 'आता बसू नको' म्हणायचं राहून गेलं असावं.

कशासाठी नेलं ते अण्णांना मरेपर्यंत कळलं नाही. मिसात तेव्हा १६-अ हे कलम घुसवलं होतं, त्यामुळं स्थानबद्ध केलेल्याला कारण सांगायचं बंधनच नव्हतं. अण्णा २००९ ला गेले. २०१८ ला राज्यानं मिसाबंद्यांचं मानधन सुरू केलं, तेव्हा आईसाठी तुरुंगाचा दाखला आणला. एक ओळ. नाव, आत गेल्याची तारीख, सुटल्याची तारीख.

आता दुसरी बाजू ऐका. आमचे आजोबा निजामाच्या काळात स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात. मागं मुलीच्या परीक्षेसाठी हैदराबादला गेलो होतो, दोन दिवस मोकळे होते म्हणून तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात जाऊन बसलो. तिसऱ्या गठ्ठ्यात एक उर्दू कागद निघाला. मला उर्दूतलं अलिफ येत नाही. नक्कल आणली अन् आमच्या इथल्या निवृत्त उर्दू मास्तरांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून वाचलं, "मुसम्मा अमुक, साकिन मोमिनाबाद..." मोमिनाबाद म्हणजे आमचंच अंबाजोगाई. आजोबांचं नाव चुकवलं होतं, पण गल्ली बरोबर होती. खाली त्यांच्या घरी कोण येतं-जातं त्याची चार नावं.

म्हणजे निजामाच्या खुफियानं आजोबांबद्दल लिहिलेलं मला बसून वाचता आलं, अन् आपल्या स्वतःच्या सरकारनं अण्णांबद्दल लिहिलेलं नाही. जिल्ह्यातल्या एका कार्यालयाकडं अर्ज केला होता. उत्तर आलं, "सदर अभिलेख आढळून येत नाही. तसेच माहिती गोपनीय स्वरूपाची असल्याने देता येत नाही." जे सापडतच नाही ते गोपनीय कसं काय ठरलं बुवा? पहिलं अपीलही गेलं. आता माहिती आयोगाच्या औरंगाबाद खंडपीठाकडं दुसरं अपील टाकू, का वेगळ्या दारानं जाऊ?

पैसाअडका काही नको. त्या माणसानं काय लिहिलं तेवढं वाचायचंय.

---

उगाच_आलो

आयबीला अर्ज करा. अण्णांची फाईल मिळणार नाही, पण तुमची नवीन उघडतील.

---

अर्जनवीस_लातूर

वरच्यांचं सोडा. मी कोर्टाच्या आवारात अर्ज लिहायचं काम करतो, त्यामुळं या भानगडी रोजच्या.

एक. तुम्ही अर्जात "माझ्या वडिलांवर पाळत होती का, त्याची माहिती द्या" असं लिहिलं असणार. तसं लिहिलं की समोरचा पहिला हात 'गोपनीय'वर टाकतो. प्रश्न विचारू नका, कागद मागा. कोणत्या वर्षाची, कोणती नोंदवही.

दोन. माहिती अधिकाराचं कलम ८(३) लिहिलं होतं का? घटना अर्जाच्या तारखेच्या २० वर्षं आधीची असेल तर कलम ८ मधल्या माहिती नाकारायच्या बहुतेक सवलती गळून पडतात. राहतात तीनच: देशाची सुरक्षितता-सार्वभौमत्व, विधिमंडळ-संसदेचा विशेषाधिकार, अन् मंत्रिमंडळाचे कागद. खबऱ्याचं नाव उघड होईल, तपासाला बाधा येईल, खाजगी माहिती आहे, ही कारणं पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदाला चालत नाहीत. आता एका मास्तरानं वसमतच्या गोळीबाराचा निषेध केला, यानं देशाचं सार्वभौमत्व कसं धोक्यात येतं ते त्यांना लेखी सांगू द्या.

तीन. गाठ कुणाशी आहे ते बघा. राज्य गुप्तवार्ता विभागाला सरकारनं कलम २४(४) खाली कायद्यातून वगळलंय. तिथं ८(३) सांगून उपयोग नाही, दारच बंद. फट एकच, मानवी हक्काच्या उल्लंघनाची माहिती असेल तर आयोगाच्या मंजुरीनं द्यावी लागते. बिनाकारण दीड वर्ष डांबणं हे उल्लंघन नाही तर काय? पण तो लांबचा रस्ता.

म्हणून दुसरं दार सांगतो. आपल्यासारख्या जिल्ह्यात मिसाचा हुकूम पोलीस काढत नव्हते, जिल्हादंडाधिकारी काढायचे. म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय, अन् ते काही वगळलेलं नाही. हुकूम काढायला पोलिसांकडून प्रस्ताव आला असणार, त्याची आवक पडली असणार. ती आवक नोंदवही मागा. "अभिलेख कक्षातील पाहणी" असा शब्द टाका. पहिला तास फुकट, तुम्ही स्वतः बसून बघू शकता. अर्ज १५० शब्दांत अन् एकाच विषयावर ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. दहाचा कोर्ट फी स्टॅम्प.

दुसऱ्या अपिलाला ९० दिवस असतात. तेही सोडू नका, दोन्ही चालू द्या.

---

रुमाल_सोडणारी

मी छत्रपती संभाजीनगरला इतिहासात पीएच.डी. करायलेय, त्यामुळं दुसऱ्या अंगानं सांगते.

तारनाक्याला कागद मिळाला तो निजामाचं मन मोठं म्हणून नाही, राज्यच बुडालं म्हणून. बुडालेल्या राज्याचं दप्तर लपवायला कुणी उरत नाही. इंग्रजांचंही तसंच. मुंबई सरकारच्या पोलिसांचे गुप्त अहवाल आपल्याच राज्यानं स्वातंत्र्यलढ्याची साधनं म्हणून खंडच्या खंड छापलेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ उघडा, गृह खात्याच्या राजकीय शाखेच्या इंग्रजकालीन फायली घरबसल्या दिसतात. हैदराबाद रेसिडेन्सीचेही कागद आहेत. आजोबांचं नाव तिथंही टाकून बघा, फक्त स्पेलिंग पाच-सहा तऱ्हेनं.

१९४७ नंतर मात्र गाडी अडते. केंद्राचा १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा म्हणतो, ३० वर्षांहून जुने, अभिलेखागारात आलेले आणि 'वर्गीकृत नसलेले' कागद अभ्यासकाला दाखवता येतील. मेख त्या तिसऱ्या अटीत आहे. ज्या खात्यानं गोपनीयचा शिक्का मारला त्यानंच तो काढायचा. नाही काढला तर ३० काय, ६० वर्षं झाली तरी कागद तिथंच. नेताजींच्या घरच्यांवर स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं, १९४८ ते १९६८, पाळत होती हे २०१५ ला बाहेर आलं. त्या सप्टेंबरात बंगाल सरकारनं ६४ फायली खुल्या केल्या, २३ जानेवारी २०१६ ला केंद्रानं १००. नेताजींसारखा माणूस, तरी एवढी वर्षं. आपल्याच भागाचं उदाहरण म्हणजे हैदराबादवरच्या १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसेवरचा सुंदरलाल समितीचा अहवाल. त्यात सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. लोकांना तो बघायला मिळाला २०१३ मध्ये.

जर्मनीत उलटं झालं. पूर्व जर्मनी बुडाल्यावर १९९१ साली कायदाच केला, ज्याच्यावर पाळत होती त्यानं अर्ज करावा आणि स्वतःची फाईल वाचावी. तिथल्या गुप्त पोलिसांचे कागद एका ओळीत उभे केले तर १११ किलोमीटर भरतात म्हणे, म्हणजे अंबाजोगाईहून बीडला जाऊन वर पुढंच. पण वाचणाऱ्यांपैकी कित्येकांना खबऱ्या म्हणून शेजारी निघाला, कुणाची मैत्रीण, कुणाचा नवरा. काका, फाईल मिळाली तर हेही मिळेल, ते धरून चाला.

---

रायटर_निवृत्त

मी परभणीकडचा. १९८१ ला भरती झालो, पुढं बरीच वर्षं पोलीस ठाण्यात रायटर, म्हणजे लिखापढी करणारा, म्हणून काढली. आणीबाणीतला नाही, पण ज्यांनी मला हे काम शिकवलं ते त्या वेळचे.

तुम्हाला वाटत असंल की त्या माणसानं अण्णांबद्दल काहीतरी भारी लिहून ठेवलंय. वहीत रकाना असायचा. रकाना रिकामा ठेवला की साहेब विचारायचे, "दिवसभर काय माशा मारल्या?" म्हणून भरायचा. "इसम नामे अमुक, सकाळी ०७.१० वाजता घरातून निघून दूध घेऊन परत. ०९.४० वाजता शाळेस. सायंकाळी दोन अनोळखी इसम भेटीस, पैकी एक चष्मा. इतर हालचाल नाही." दुसऱ्या दिवशी हेच, नुसती मिनिटं बदलायची. पाऊस असला की आम्ही घरीच, वही मात्र भरलेली. अर्धी माहिती हाटेलवाल्याकडून, चहाचे पैसे कधी द्यायचो कधी नाही. त्यामुळं कागद हाताला लागला तर त्यातलं सगळं खरं धरू नका.

कागद जाळतात हे खरं. अ वर्ग कायम, ब तीस वर्षं, तिथून खाली ड वर्षभरात निकाली. असल्या वह्या वरच्या वर्गात कोण टाकतंय. पण जाळायच्या आधी यादी करावी लागायची, साहेबांची सही घ्यावी लागायची. मागच्या अंगणात डांबराच्या टिपाडात कागद जाळायचो, मी स्वतः काठीनं हलवलेत. टिपाड थंड झालं की यादी आत नेऊन फायलीला लावायची. कागद गेले तरी यादी राहते. ती मागा. "आढळून येत नाही" म्हणणाऱ्याला विचारा, जाळलं असंल तर यादी दाखवा. यादीत नाही, म्हणजे जाळलं नाही. मग गेलं कुठं?

---

अर्जनवीस_लातूर

रायटरसाहेबांनी लाखमोलाचं सांगितलं. केंद्राच्या कायद्यात रीत सोडून अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. राज्याचाही स्वतःचा अभिलेख कायदा आहे, २००५ चा. दुसऱ्या अपिलात हाच मुद्दा वर घ्या: नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी द्या, नाहीतर शोध घेतल्याचं शपथपत्र द्या.

---

उगाच_आलो

आता खरं विचारतो. आजच्या फोन टॅपिंगचं पन्नास वर्षांनी माझ्या पोराला असं काही बघायला मिळंल का?

---

रुमाल_सोडणारी

अवघड आहे. टेलिग्राफ नियमांत २००७ ला ४१९-अ आला, त्यात टॅपिंगचे हुकूम आणि ऐकलेलं संभाषण, गरज नसेल तर दर सहा महिन्यांनी नष्ट करा असंच म्हटलं होतं. २०२४ ला त्याच्या जागी नवे नियम आले, त्यांतही तेच आहे. माणसाच्या खाजगीपणासाठी ते बरंच आहे, ऐकलेलं कुठं पडून राहू नये. पण हुकूमसुद्धा जातो. आपलं ऐकलं हेच कुणाला कधी कळत नाही.

---

मेडिकलवाला_अंबाजोगाई

सगळ्यांचे आभार. दोन दिवस दुकानात गर्दी, लिहायला जमलं नाही.

रायटरसाहेब, तुमचं वाचून आधी हसलो, मग जरा गप्प बसलो. ते हाटेल कधीच बंद पडलं, तिथं आता मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. पण हाटेलवाल्याचा नातू महिन्याला माझ्याकडून आईच्या बीपीच्या गोळ्या नेतो, उधारीवर. आजोबा त्याचे, चहा त्यांचा, पोरं लहान, समोर पोलीस बसलेला. काय करणार होते? ताई म्हणतात तसं त्यांचं नाव निघालं तर मी ते वाचीन अन् घडी घालून ठेवीन. गोळ्या चालूच राहतील.

आवक नोंदवहीचा अर्ज १३८ शब्दांत बसवलाय. यादीचा वेगळा केलाय. दुसरं अपील पण टाकायलोय, अजून एकेचाळीस दिवस आहेत.

काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. ती आता ८१ ची, ऐकायला कमी येतं, त्यामुळं दूध आणल्याची नोंद दोनदा वाचावी लागली. म्हणाली, "दूध मी आणायचे. ह्यांनी जल्मात दूध आणलं नाही." मग बराच वेळ काही बोलली नाही. झोपायच्या आधी विचारलं, "अन् सायकल बाजूला धरायचा ते लिवलं असंल का रे त्यानं?"

सोमवारी बीडला जातोय. स्टॅम्प तीन घेतलेत, एखादा चुकला तर असावा.