केस काढले त्या दिवशी पाठ गुलाबी होती का?

केसवाढीच्या लेपाच्या एका प्रयोगाबद्दल म्हटलंय की उंदरांच्या पाठीचे केस काढून लेप लावल्यावर पंधरा दिवसांत तिथे केस उगवले, म्हणजे लेप लागू पडला. मला हे अर्धंच पटतं. उंदीर काळे, म्हणजे सी५७ ब्लॅक ६ या प्रयोगशाळेतल्या जातीचे असतील, तर केस काढले त्या दिवशी कातडीचा रंग काय होता? या जातीत पाठीच्या कातडीला रंग येतो तो केसांच्या मुळांतल्या रंगद्रव्यामुळे. मुळं विश्रांतीत असली की कातडी गुलाबी, वाढीला लागली की राखाडी आणि मग काळी. वाढ आधीच सुरू असेल तर केस लेपाशिवायही येतात, म्हणून साधारण ७ आठवड्यांचे, गुलाबी पाठीचे उंदीर निवडतात. केसही ट्रिमरनेच काढायचे. उपटले तर तेवढ्यानेच मुळं जागी होतात, मग लेपाचं श्रेय कुठलं! माझ्या पहिल्या खेपेला तुलनेसाठी नुसतं द्रावक (औषध न घातलेला पातळ द्रव) लावलेल्या दोन उंदरांच्या कमरेशी नखाएवढा राखाडी डाग होता. मी काणाडोळा केला, आणि केस सगळ्यात आधी तिथेच आले. सगळी खेप बाद.

आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायला कातडीचा नमुना कापताना कातडी कागदावर सपाट पसरून, डोक्याची बाजू पेन्सिलीने खूण करून, डोकं ते शेपूट याच दिशेने पट्टी कापा. आडवी कापली तर मुळं तिरकी तुटतात आणि काचपट्टीवर नुसते गोल ठिपके दिसतात. मग मुळांची लांबी कशी मोजणार? उंदराच्या मिश्याही तुटक्या दिसल्या तर रोग शोधण्याआधी पिंजऱ्यातला सोबती बघा. उंदीर एकमेकांची हजामत करतात, म्हणजे केस नि मिश्या कुरतडतात.