दाढदुखी अंगावर काढण्यामागचे कारण

लोक केवळ निष्काळजीपणामुळे दातांकडे दुर्लक्ष करतात, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला पटत नाही. रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च ऐकून माझी आई दवाखान्यातून तशीच परतली आणि दोन वर्षे लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरून एकाच बाजूने जेवत राहिली. वाचू शकली असती अशी ती दाढ अखेर काढावी लागली. आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असल्याने तोही येथे बहुधा कामी येत नाही. मुंबईतील नायर दंत महाविद्यालयात किंवा मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हेच उपचार खासगी दवाखान्यांपेक्षा पुष्कळ कमी दरात होतात; मात्र खेपा अनेक घालाव्या लागतात आणि रोजंदारीवरच्या माणसाची प्रत्येक खेपेला त्या दिवसाची मजुरी बुडते.