सिलिंडरमागचे भोवरे: जेट लावूनही ड्रॅग फक्त 7% कमी होतोय

गोदाकाठची_मेकॅनिकल
नाशिकला एम.ई. करतेय. प्रोजेक्ट आहे गोल सिलिंडरमागचे भोवरे आवरण्याचा. ओपनफोम (प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर), द्विमितीय, रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाचं जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) 100. शेफर-टुरेकची 1996ची बेंचमार्क केस (पडताळणीसाठीचं ठरलेलं उदाहरण) घेतली: चॅनल 0.41 मी. उंच, व्यास 0.1 मी. सिलिंडरच्या माथ्यावर आणि तळाशी एकेक बारीक जेट; एक जेवढं फुंकतो, तेवढंच दुसरा ओढतो. ड्रॅग, म्हणजे सिलिंडरला प्रवाहाच्या दिशेने ढकलणारा रेटा; त्याचा गुणांक 3.20 वरून 2.98 झाला. गाइड म्हणतात, सात टक्क्यांवर प्रबंध उभा राहत नाही. शिवाय पुस्तकात याच रेनॉल्ड्स नंबरला ड्रॅग 1.33 च्या आसपास आणि स्ट्राउहल (भोवरे किती वेगाने सुटतात त्याचा आकडा) 0.165 दिलाय, माझा स्ट्राउहल 0.30 येतो. मेश (गणिताची जाळी) तिप्पट बारीक केली, आकडे हलत नाहीत.

पंचवटीकर
आकडे हलणार नाहीत, कारण ते बरोबर आहेत. पुस्तकातला सिलिंडर मोकळ्या प्रवाहात असतो. तुमच्या चॅनलची जवळजवळ चौथाई उंची सिलिंडरनेच अडवलीय, त्यामुळे बाजूच्या फटीतून पाणी जोरात निघतं. दोन्हींची तुलनाच करू नका.

सात टक्क्यांचं मात्र नीट बघा. रेनॉल्ड्स 100 ला बराचसा ड्रॅग भोवरे नसतानाही राहणारच: पृष्ठभागाचं घर्षण आणि मागच्या संथ बुडबुड्यातला कमी दाब. जेट फक्त भोवऱ्यांमुळे वाढलेला भाग काढू शकतो. तो भाग किती, हे आधी मोजा. सिलिंडर मधोमध ठेवून अर्धंच डोमेन (गणिताचं क्षेत्र) घ्या आणि मध्यरेषेवर सममितीची अट लावा. वरचा थर खालच्या थराला ओढून घेऊ शकला नाही की भोवरा सुटतच नाही. तिथला ड्रॅग ही तुमची तळरेषा. 2019 मध्ये राबो आणि सहकाऱ्यांनी अशाच दोन जेटना रीइन्फोर्समेंट लर्निंगने (चुका-शिका पद्धतीच्या मशीन लर्निंगने) शिकवलं, त्यांनाही सुमारे 8% च मिळाले, आणि तेवढ्यात भोवऱ्यांचा बहुतेक वाटा संपला होता. गाइडना टक्के दाखवू नका, हा वाटा दाखवा.

पुरात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीमागे भोवरे दिसतात, तिथे रेनॉल्ड्स नंबर लाखांच्या घरात असतो. तिथे हे टक्के लावू नका.

अंबड_फॅब्रिकेशन
मी स्टीलच्या चिमण्या बनवतो, सिम्युलेशन येत नाही. पण ताई, तुम्हाला नक्की काय कमी करायचंय? आम्ही चिमणीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर तीन पट्ट्या मळसूत्रासारख्या गुंडाळतो. उंची व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, एक फेरा पाच व्यासांत. ही युक्ती स्क्रूटननी 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये काढली. त्याने ड्रॅग उलट वाढतो! तरी लावतो, कारण चिमणी डुलायची थांबते. मीटरभर व्यासाची चिमणी सेकंदाला एकदा डुलत असेल, तर स्ट्राउहल 0.2 धरून सेकंदाला 5 मीटरचा वारा पुरतो. तेवढा वारा इथे पावसाळ्यात सहज असतो. वादळाआधीच चिमणीचं नुकसान होतं.

गोदाकाठची_मेकॅनिकल
अर्धं डोमेन चालवलं. तळरेषा 2.93 आली. म्हणजे भोवऱ्यांचा वाटा 0.27, त्यातला 0.22 जेटने काढलाय! काका, लिफ्ट (प्रवाहाला आडवा रेटा) मी अजून बघितलीच नव्हती. चिमणीला तीच हलवते ना? तिचा आलेख उद्या टाकते.