'हिडन ऑर्डर'साठी मराठी शब्द

प्रश्न : युरेनियम, रुथेनियम आणि सिलिकॉनच्या एका संयुगावर बीएस्सीच्या मुलांसाठी टिपण लिहितो आहे. १७.५ केल्विनला त्यात जी 'हिडन ऑर्डर' येते, तिला 'सुप्त चुंबकीय क्रम' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : 'सुप्त' नको. त्यावरून मुलांना 'सुप्त उष्णता' (लेटंट हीट) आठवेल, ती तिकडेच वळतील; आणि नेमकं या संक्रमणात सुप्त उष्णता नसतेच. शिवाय सुप्त म्हणजे अजून जागं न झालेलं. इथे तर सगळं घडून गेलेलं असतं. नमुना थंड करत १७.५ केल्विनपाशी आणला की विशिष्ट उष्णतेच्या आलेखात टोकदार सुळका उठतो, एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) चांगलीच घटते. इलेक्ट्रॉनांनी काहीतरी शिस्त लावून घेतली, हे नक्की. कोणती, ते न्यूट्रॉनांचा झोत टाकून बघावं तर दर युरेनियम अणूमागे जेमतेम ०.०३ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) इतकं चुंबकीय परिबल हाती लागतं. तेवढ्यात एन्ट्रॉपीचा हिशेब बसत नाही. १९८५ पासून हे कोडं आहे. म्हणून 'छुपी' हाच शब्द मला नेमका वाटतो.

'क्रम'ही खटकतो, त्यात एकामागून एक असा भाव येतो. 'मांडणी' घ्या.

प्रश्न : 'छुपी मांडणी' आवडलं. मागे 'चुंबकीय' लावू ना?

उत्तर : या संयुगाला लावू नका, कारण वाद त्याचाच आहे. साधारण अर्धा गिगापास्कल दाब दिला की त्यात ०.४ बोर मॅग्नेटॉनची प्रतिलोहचुंबकी मांडणी (अणूंची चुंबकत्वं एकमेकांच्या उलट दिशांना) येते, पण ती उघड असते आणि ती प्रावस्थाच (फेज) वेगळी. 'छुपी चुंबकीय मांडणी' शोभते ती नेप्च्युनियम डायऑक्साइडला. त्याच्या विशिष्ट उष्णतेतला २५ केल्विनजवळचा सुळका १९५३ सालीच दिसला होता. न्यूट्रॉनांना नेहमीची द्विध्रुवी (उत्तर-दक्षिण अशी दोन टोकं असलेल्या साध्या चुंबकांची) मांडणी काही सापडेना. पुढे कळलं की तिथे द्विध्रुवांहून गुंतागुंतीचे, वरच्या श्रेणीचे बहुध्रुव रांगेला लागलेले आहेत. हे बहुध्रुव चुंबकीयच, फक्त नेहमीच्या मोजणीला दाद न देणारे. हे उदाहरण टिपणात जरूर घ्या, त्याशिवाय विशेषणाचं वजन मुलांना कळणार नाही.

प्रश्न : आणि 'ऑर्डर पॅरामीटर'?

उत्तर : 'मांडणी-प्राचल', म्हणजे मांडणी कोणती आणि किती झाली ते सांगणारी राशी. वाक्य असं करता येईल : 'या संयुगातल्या छुप्या मांडणीचं प्राचल कोणतं, यावर अजून एकमत नाही.'